एका नावाचे तीन हात

आला, सरकला, गेला. मिरजेच्या आरोग्यवेल रुग्णालय समूहात सुव्रता मगदूम ज्या खात्यात काम करायची, त्या खात्याचा सगळा संसार या तीन शब्दांत मावत असे. नवा माणूस नोकरीवर आला, की संगणकातली त्याच्या कामापुरती दारं उघडून द्यायची. एका विभागातून दुसरीकडे सरकला, की जुनी लावायची, नवी उघडायची. गेला, की सगळी बंद. ऐकायला सोपं. पण सात इस्पितळं, चार हजार माणसं, आणि माणसाचा स्वभाव असा की नवं दार मागायला तो धावत येतो, जुनं परत करायला कुणी येत नाही. अपघात विभागातून ग्रंथालयात बदली झालेला एक माणूस तीन वर्षांनीही झोपेच्या औषधांचं कपाट उघडू शकतो, हे सुव्रतानंच शोधून काढलं होतं. तेव्हापासून मंजुरीची चावी तिच्याकडे आली होती. अंगठ्याएवढी काळी पट्टी. ती संगणकाला लावायची, सहा आकडे दाबायचे, की तिच्या नावानं दार उघडे किंवा लागे.

सहा महिन्यांची रजा संपवून ती परतली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या पाळणाघरात मुलीला सोडल्यावर ती दोनदा मागे फिरली होती. वर आली तर टेबल पुसलेलं, खुर्चीला नवी उशी. हे सगळं शिरीष कोटणीस यांचं. ते खात्याचे प्रमुख; पन्नाशीचे, हळू बोलणारे. सुव्रता त्यांना दादा म्हणायची, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिनं भर शस्त्रक्रियेच्या वेळी एका सर्जनचं खातं बंद करून टाकलं होतं. ते प्रकरण त्यांनी मुकाट्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं. मुलीच्या बारशाला ते बायकोला घेऊन आले, आणि आत्या पोहोचायला उशीर झाला म्हणून पाळण्याची दोरी कोटणीस वहिनींनीच धरली.

काम त्यांनी हलकं दिलं होतं. चार हजार माणसांची दारं हातानं सांभाळणं आता जमेना, म्हणून समूहाला तयार सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. दोन निवडून ठेवलेली. दोन्ही आपल्या जुन्या नोंदींवर चालवून बघायची, बेचाळीस प्रश्नांच्या तक्त्यात गुण भरायचे, आणि सहा आठवड्यांनी समितीपुढे सांगायचं की कुठलं घ्यावं.

"सध्या तेवढंच कर," दादा म्हणाले. "पहाटे चारला जाग येतीय ना अजून? रडत बसायचं नाही त्या वेळी. होतं हे, जातं हळूहळू."

सुव्रताला भरून आलं. अभिनंदननं, तिच्या नवऱ्यानं, सांगितलं असेल त्यांना, असं वाटलं तिला.

पहिल्या सॉफ्टवेअरचं नाव दारवान. ते नियमानं चालायचं. बाळंतपण विभागातली परिचारिका म्हणजे ही नऊ दारं, औषधविक्रेता म्हणजे ही पाच, असं एकदा ठरवून द्यायचं. बदली झाली की दारवान आपोआप जुनी काढून घेणार, नवी देणार. ज्याच्या हातात चावी, तो त्या नावाचा माणूस. त्यापलीकडे त्याला काही कळत नसे, आणि कळून घ्यायची हौसही नव्हती.

दुसरं, पारख, वेगळ्याच जातीचं. ते नाव, पद, चावी यांतलं काही मानायचं नाही. ते हात ओळखायचं. माणूस टाइप करतो तेव्हा एका कळीवरून दुसरीवर जायला त्याला सेकंदाचा कितवा हिस्सा लागतो, कळ किती जोरानं दाबतो, चुकलं की किती तत्परतेनं खोडतो, 'मंजूर'वर बोट ठेवण्याआधी किती थबकतो, हे सगळं ते गोळा करायचं. पाठमोरा माणूस लांबून नुसत्या चालीवरून ओळखू यावा, तसला प्रकार. चावी चोरता येते, चाल चोरता येत नाही, असं ते विकणारे सांगत. आरोग्यवेलनं तीन वर्षांपूर्वी घेतलेले कीबोर्ड कळींच्या दाबाची नोंद ठेवतच होते. ती आजवर कुणी उघडूनही पाहिली नव्हती.

पारखनं पहिल्या आठवड्यातच वॉर्डांचं बिंग फोडलं. तिथे सगळे 'चूल' पेटती ठेवत. सकाळी पहिली आलेली परिचारिका आपल्या नावानं संगणक उघडी, आणि दिवसभर सगळ्याजणी त्याच चुलीवर आपापलं शिजवत. दर औषधामागे नाव आणि आकडे घालायचे तर सलाईन कधी लावणार? बाळंतपण विभागाच्या रूथ सिस्टर सुव्रताला म्हणाल्या होत्या, "तुझं ते यंत्र आलं ना, की तूच ये वॉर्डात आणि हात लाव कामाला. आम्ही बसतो टाइप करत."

सुव्रता हसली होती. कारण चूल तिनंही पेटती ठेवली होती. मूल तीन आठवडे आधीच आलं. मंजुरीचं काम रीतसर दुसऱ्याकडे सोपवायचं तर संचालकांच्या सहीचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. कळा सुरू झाल्यावर कुठला अर्ज? तिनं चावी दादांच्या हातात ठेवली, सहा आकडे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिले, आणि रिक्षात बसली. तेवीस दिवसांनी रीतसर बदली माणूस नेमला गेला. तोवर सुव्रताच्या नावाची मंजुरी दादा देत होते; ती परतल्यावर चावी त्यांनी तिच्या हातात परत दिली. खात्यात ही जुनी रीत होती. कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध असो, कुणाचं मूल तापलेलं असो, चावी ठेवून जायची. संशय घेणं हेच ज्यांचं काम, त्यांनी एकमेकांवर संशय घ्यायचा नाही, असं काहीसं.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दीड वाजता, ती हिरकणी कक्षात मुलीला पाजत बसली होती. लॅपटॉप बाजूच्या स्टुलावर, एक हात मुलीच्या डोक्याखाली, दुसऱ्या हातानं पारखचा अहवाल वरवर चाळणं चाललेलं. त्यात तिला आपलं स्वतःचं नाव दिसलं. 'सुव्रता मगदूम. या एका नावाखाली तीन वेगळे हात.'

पहिला हात दोन वर्षांचा, ठाम, वेगवान. दुसरा तेवीस दिवसांचा. तिसरा ती परत आल्यापासूनचा. हा तिसरा हात मंद, अडखळणारा, आणि बहुतेक वेळा एकटाच टाइप करणारा. पहिल्याशी तो एक्केचाळीस टक्केच जुळत होता. पारखनं त्यापुढे लाल खूण करून लिहिलं होतं: बहुधा परकी व्यक्ती.

तिला हसूच आलं. बाळंत होऊन आलेली बाई तीच नसते हे सांगायला यंत्र कशाला हवं, असं मनात येऊन तिनं मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले. दुसऱ्या हाताशेजारी लिहिलं होतं: शिरीष कोटणीस, सत्त्याण्णव टक्के. तेही तिला ठाऊकच होतं. ती पुढे जाणार, तेवढ्यात तिची नजर खालच्या ओळीवर गेली.

त्या तेवीस दिवसांत दोनशे चौदा मंजुऱ्या दिल्या गेल्या होत्या. दोनशे तेरा ठोक पद्धतीनं: सगळ्यांवर एकदम खूण, मंजूर, पुढे. एका अर्जावर मात्र हात थांबला होता. चार मिनिटं दहा सेकंद.

तिनं तो अर्ज उघडला. बाहेरच्या एका विमा-सल्लागार कंपनीला सातही इस्पितळांच्या बाळंतपण विभागाच्या नोंदी पाहण्याचं दार हवं होतं. प्रसूती, गर्भपात, समुपदेशन, सगळं. एकसष्ट हजार बायका. सुव्रता हा अर्ज ओळखत होती. रजेवर जाण्यापूर्वी दोनदा तिनं तो नाकारला होता. रुग्णांची संमती नाही, असं कारणही लिहिलं होतं. तिसऱ्यांदा तो आला, आणि सुव्रता मगदूम या नावानं मंजूर झाला. तारीख तिच्या मुलीच्या जन्माची. वेळ अकरा वाजून चाळीस मिनिटं. त्या वेळी ती समूहाच्याच दुसऱ्या इस्पितळात टेबलावर पडून होती, आणि रूथ सिस्टर तिला सांगत होत्या, अजून थोडं, अजून थोडंच.

हात चुकून पडला असता तर ते तिला समजलं असतं. दोनशे तेरांत दोनशे चौदावा वाहून गेला असता, तरी समजलं असतं. तिनंही कितीदा तसं केलं होतं. पण तो माणूस चार मिनिटं थांबला होता. त्यानं वाचलं होतं, तिचे दोन नकार पाहिले होते, तिनं लिहिलेलं कारण पाहिलं होतं, आणि मग तिच्याच नावानं होय म्हटलं होतं.

त्या दारातून कोण काय पाहून गेलं, याची यादी तिनं काढली. नको वाटत होतं तरी आपलं नाव घातलं. तिची नोंद अकरा वेळा उघडली गेली होती, प्रत्येक वेळी समुपदेशनाचं पान. बाळंतपणानंतर दीड महिन्यानं, दार लावून, डॉक्टरीणबाईंना तिनं जे सांगितलं होतं ते त्या पानावर होतं. पहाटे चारला जाग येते. रडू थांबत नाही. एकदा वाटलं, हिला शेजारच्यांच्या दारात ठेवावं आणि चालत सुटावं. अभिनंदनलाही तिनं हे सांगितलं नव्हतं. नोंदींवरून त्या कंपनीनं आरोग्यवेलच्याच बायकांची एक यादी करून पाठवली होती: 'कामाचा ताण सोसण्याबाबत जोखीम.' त्यात पाचवं नाव सुव्रताचं. यादी, त्या त्या पानाच्या प्रतीसह, संचालकांना गेली होती आणि खातेप्रमुखांना.

हलकं काम. खुर्चीवरची उशी. पहाटे चार.

मुलगी पिता पिता झोपली होती. सुव्रतानं एका हातानं त्या अर्जाची प्रत छपाईला पाठवली.

दादांना तिनं दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये गाठलं. ते पोहे खात होते. तिनं अर्जाचा कागद पुढ्यात ठेवला. त्यांनी तो पाहिला, चष्मा काढला, पुसला. नाकारलं नाही. उलट त्यांनी तिला बसायला सांगून तिच्यासाठी चहा मागवला, आणि समजूत घालावी तसं बोलू लागले. वर्षभर वरून दबाव होता, म्हणाले. दार उघडलं नाही तर खातंच बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू, अशी धमकी होती. अकरा माणसं घरी बसली असती, त्यात तूही. मग कुणीतरी ते करायला हवंच होतं.

"मग तुमच्या नावानं करायचं होतं," ती म्हणाली.

त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. "माझ्या नावावर आलं असतं तर चौकशी झाली असती. तुझ्या नावावर कोण चौकशी करणार होतं? ओली बाळंतीण. कुणी विचारलंच तर गडबडीत झालं म्हणता आलं असतं. सगळ्यांनी समजून घेतलं असतं तुला."

सुव्रताला त्या क्षणी राग आला नाही. पायाखाली पायरी आहे असं धरून पाऊल टाकावं आणि तिथे काहीच नसावं, तसं झालं. या माणसानं आपल्या मायेचा हिशेब मांडला नव्हता. पण लोकांच्या तिच्याबद्दलच्या मायेचा मांडला होता, आणि तो अगदी बरोबर निघाला होता.

दादा पुढे समजावत होते. तू दारवानची शिफारस कर. दारवानच्या दृष्टीनं चावी तुझी, मंजुरी तुझी, विषय संपला. पारख आलं तर हे बाहेर येईल खरं, पण चावी दिलीस म्हणून पहिली नोकरी तुझी जाईल. चावी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, हा नियम नऊ तूच लिहिलायस. वॉर्डातल्या चुली विझतील, रूथ सिस्टरवर कारवाई होईल. आणि एवढं करून पारख म्हणतं काय? तूच परकी आहेस म्हणून. समिती हसेल.

"एक्केचाळीस टक्के," ते हळूच म्हणाले. "मी वाचलाय अहवाल. माझे सत्त्याण्णव आहेत."

त्या संध्याकाळी दिवेलागणीला तिनं अभिनंदनला विचारलं, माझ्या पहाटेच्या जागण्याबद्दल कुणाशी बोलला होतास का. तो बाटल्या उकळत होता. नाही म्हणाला; मग वळून म्हणाला, कसलं जागणं? तेव्हा तिला सगळं सांगावं लागलं, शेजारच्यांच्या दारासकट. त्यानं गॅस बंद केला. परक्या माणसांनी अकरा वेळा वाचलेली गोष्ट तो पहिल्यांदा ऐकत होता, आणि हे त्याच्या तोंडावर इतकं स्पष्ट दिसत होतं की तिला त्याच्याकडे बघवेना. मग त्यानं विचारलं, आता तुला काय पाहिजे. नोकरी वाचवायची की नाव?

ती म्हणाली, आधी ते दार लावायचंय. माझं एकटीचं पान नाही त्यात.

समितीची बैठक मंगळवारी अकराला होती. लांब टेबल, संचालक डॉ. माणगावे, दोन विश्वस्त, मनुष्यबळ विभाग बघणाऱ्या बाई, दादा, आणि कोपऱ्यात इतिवृत्त लिहिणारी टंकलेखिका. सुव्रतानं तक्ता भिंतीवर लावला आणि एकेका प्रश्नाचे गुण सांगत गेली. नवा माणूस आला की दारवान सहा मिनिटांत तयार, पारखला आठवडा लागतो, कारण आधी हात शिकावा लागतो. बदलीच्या माणसाची जुनी दारं दोन्ही नीट लावतात. नाइलाजानं एकमेकींच्या नावानं काम करणाऱ्या परिचारिकांना पारख उभंच करणार नाही. ते आणायचं तर आधी वॉर्डात माणसं वाढवा, असं तिनं ठासून सांगितलं. एक्केचाळिसावा प्रश्न होता, मंजुरी खरोखर कुणी दिली ते कळतं का. तिथे ती थांबली, आणि म्हणाली की यात पहिला दोष माझाच सापडलाय. चावी मी दुसऱ्याच्या हातात दिली. मग तेवीस दिवस, तो अर्ज आणि ती चार मिनिटं तिनं सांगितली. नावही घेतलं.

दादांनी मान खाली घातली नाही. ते हळहळल्यासारखे बोलले. सुव्रता माझ्या धाकट्या बहिणीसारखी आहे, म्हणून जड जातंय सांगायला. तिची तब्येत अजून सावरलेली नाही. झोप नाही, रडू येतं, मुलीला टाकून जावंसं वाटतं. अशा अवस्थेत माणूस काय आठवेल, काय विसरेल.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" सुव्रतानं विचारलं.

तिला वाटलं होतं, आता तरी कुणी दचकेल. ती एकेकाचं तोंड पाहत गेली. विश्वस्त कागद चाळत होते. मनुष्यबळ विभाग बघणाऱ्या बाई पाण्याच्या पेल्याकडे बघत होत्या. एकाही चेहऱ्यावर नवल नव्हतं. ते पान सगळ्यांनी वाचलं होतं.

डॉ. माणगावे खाकरले. यंत्राच्या अंदाजावर आपण माणसांवर आरोप करत नसतो, म्हणाले, आणि हे यंत्र तर तुम्हालाही ओळखत नाही. "नोंदीत ती मंजुरी तुमची आहे, मिसेस मगदूम. तुमच्या चावीनं, तुमच्या नावानं. समितीच्या दृष्टीनं ती तुमचीच. शेवटचा प्रश्न घ्या."

"माझीच," ती म्हणाली. "इतिवृत्तात लिहा तसं."

टंकलेखिकेनं लिहिलं.

बेचाळिसावा प्रश्न होता, दिलेलं दार किती वेळात काढून घेता येतं. दोन्ही सॉफ्टवेअर चालू यंत्रणेला जोडलेली होती. प्रात्यक्षिक करून दाखवायचं होतं. त्यासाठी खोट्या नावाचं एक खातं तयार ठेवलेलं. सुव्रतानं ते उघडलंच नाही. तिनं विमा-सल्लागार कंपनीचं उघडलं. आधी पारखवर. पारखनं तिच्या बोटांकडे क्षणभर पाहिल्यासारखं केलं आणि सांगितलं, हात अनोळखी, चोवीस तास थांबा. तिनं तक्त्यात शून्य गुण भरला. मग दारवानवर. चावी लावली, सहा आकडे दाबले. मंजुरी देणारी व्यक्ती: सुव्रता मगदूम. मागे घेण्याचा अधिकार: सुव्रता मगदूम.

डॉ. माणगावे अर्धवट उठले. अशी मंजुरी मागे घ्यायला समितीचा ठराव लागेल, म्हणाले.

"देताना लागला नव्हता," ती म्हणाली. "आणि ती माझी नसेल तर आत्ता सांगा, मी हात काढते."

डॉ. माणगावे परत खाली बसले. दारवाननं कारण विचारलं. ती चौकट खात्यात सगळे नुसतं टिंब देऊन भरत. तिनं एका हाताच्या सवयीनं, सावकाश, पूर्ण वाक्य टाइप केलं: या बायकांना कुणी विचारलं नव्हतं. अकरा सेकंदांत दार लागलं. सातही इस्पितळांतलं. तिनं गुण भरले, दारवानला दहापैकी दहा, आणि सांगितलं की हे पुन्हा उघडायचं असेल तर इथल्या कुणालाही उघडता येईल, फक्त स्वतःच्या नावानं.

चावी तिथेच जमा करून घेतली गेली. नियम नऊखाली निलंबनाचं पत्र दुपारपर्यंत मिळेल, असं मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी तिला सांगितलं. सांगताना त्यांनी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं.

जिन्यात दादांनी तिला गाठलं. एवढ्यात ते म्हातारे दिसायला लागले होते. त्यांना काय काय म्हणायचं होतं. वहिनींचं नाव घेतलं, बारशाचं काढलं, अकरा माणसांचं पुन्हा एकदा सांगितलं. सुव्रता दोन पायऱ्या खाली उभी राहून ऐकत होती. रिक्षात बसताना याच माणसाला आपण सांगितलं होतं, दादा, मला भीती वाटतीय हो, आणि यानं खिडकीतून हात आत घालून डोक्यावर ठेवला होता. तो हात खोटा होता, असं तिला आजही म्हणता येत नव्हतं. तेच सोसवत नव्हतं.

"माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, सांग बघू," ते म्हणाले.

"तुमच्या जागी मी कधीच नव्हते, दादा," ती म्हणाली. "माझ्या जागी मात्र तुम्ही होतात. तेवीस दिवस."

खालून पाळणाघरातून रडण्याचा आवाज येत होता. दहा-बारा मुलं होती तिथे, पण तिला लगेच कळलं. ती उरलेल्या पायऱ्या भराभर उतरून गेली.